स्वयंपाकघरात धरतो, बाहेर सुटतो

सोमवार, ३ तारीख

ही वही मला बायकोने दोन वर्षांपूर्वी दिली होती. "मनातलं यात लिहीत जा, सारखं माझ्या मागे मागे फिरून बोलू नका," म्हणाली होती. आज पहिल्यांदा उघडली. दुपारी दोन तास दुकान बंद असतं आणि आबा झोपतात, तेव्हा लिहीन.

झालं असं, की सकाळी दुकानात एक माणूस आला. बूट इतके चकचकीत, की त्यात आमच्या भिंतीवर टांगलेले कडी-कोयंडे दिसत होते. गोंद बनवणाऱ्या कंपनीचा विक्रेता. म्हणाला, "साहेब, या बाजारात एकच दुकान निवडायचंय. एकच! माल फक्त तुमच्याकडे मिळेल." मला आजवर कुणी साहेब म्हटलं नव्हतं. मी मागे वळून बघितलं, आबांना म्हणतोय की काय. पण आबा कोपऱ्यात आपल्या बाकड्यावर कुणाच्या तरी चपलेला मोळा ठोकत होते.

दुकान आबांचं. खिळे, बिजागऱ्या, कुलपं, दोऱ्या, रंगाचे डबे. दहा वर्षांपूर्वी त्यांनी गल्ला मला दिला आणि स्वतः कोपऱ्यात बाकडं मांडून लोकांच्या मोडक्या वस्तू नीट करत बसले. गल्ला माझा, पण फळीवर काय ठेवायचं ते अजून तेच ठरवतात. मी सुचवलेल्या वस्तू आजवर अशा: रंगीत दोऱ्या, नाही. प्लास्टिकचे हूक, नाही. दाराची वाजणारी घंटी, नाही, "आणि पुन्हा वाजवू नकोस." मला सत्तेचाळीस पूर्ण झाली.

विक्रेत्याने नमुन्याच्या चार बाटल्या ठेवल्या. एकतीस तारखेला येणार, हो की नाही ते सांगायचं. नाही म्हटलं तर कोपऱ्यावरच्या दुकानाला देणार. कोपऱ्यावरचा आधीच नाकाने कांदे सोलतो.

मंगळवार, ४

आबांना सांगितलं. ते चष्मा वर करून म्हणाले, "नियम ठाऊक आहे ना?" आमच्या दुकानाचा नियम जुना आहे: जे महिनाभर घरात चाललं नाही, ते फळीवर ठेवायचं नाही. बाजारात आमचं नाव आहे ते एवढ्यावरच.

मी म्हटलं, "वापरून बघतो." त्यांनी "बघ" म्हटलं, पण तोंड असं, की जसं मी गोंद नाही, घर विकायला काढलंय.

हिला सांगितलं तर ती पोळपाट पुसता पुसता थांबली. म्हणाली, "अहो, एकदा तरी तुमच्या मनासारखं होऊ दे." चहाबद्दल म्हणाली असावी, कारण मी नुकतीच जास्त साखर मागितली होती.

शुक्रवार, ७

चाचणीला सुरुवात. पद्धतशीर करायचं ठरवलंय. चार वस्तू निवडल्या.

एक, माझा चहाचा कप, कान तुटलेला. दोन, मोठ्या पातेल्याच्या झाकणाची मूठ. या दोन्ही स्वयंपाकघरात. तीन, आबांची तिपाई, एक पाय निखळलेला. चार, आबांच्या छत्रीची लाकडी मूठ. या दोन्ही बाहेरच्या खोलीत.

चारही स्वतः चिकटवल्या. बाटलीवर लिहिल्याप्रमाणे दाबून धरलं, शंभर अंक मोजले. छत्रीच्या वेळी शेजारचे घड्याळजी आले आणि विचारलं, "छत्रीची नाडी बघताय का?" त्यामुळे आकडे चुकले, पुन्हा मोजले.

सोमवार, १०

काय सांगू! कप असा बसलाय, की जोड कुठे आहे ते दिसतसुद्धा नाही. भिंग लावून बघितलं. आणखी एक चमत्कार: कपाच्या काठाला एक टवका उडालेला होता, तोही भरून आलाय! मी तिथे गोंद लावला नव्हता. बहुतेक आतून पसरत जात असावा. उकळता चहा ओतून बघितला, काही झालं नाही. हिला म्हटलं, "बघ, बघ!" ती म्हणाली, "बघतेय हो," आणि घाईघाईने कपाट बंद केलं.

तिपाई मात्र फसली. आबा सकाळी तिच्यावर टेकायला गेले आणि पाय निखळला. पडले नाहीत, नशीब. त्यांनी आधीच भिंत धरून ठेवली होती.

मंगळवार, ११

तिपाईचा पाय बारकाईने तपासला. सुटलेल्या जागी लाकूड खरवडल्यासारखं दिसतं. म्हणजे गोंद सुटताना लाकूडही ओढून काढतो. गंभीर बाब आहे, नोंद करतो. पुन्हा चिकटवली.

आबांच्या सदऱ्याच्या खिशात सुतारकामाची पटाशी दिसली. विचारलं तर म्हणाले, "नखं वाढलीत." वय झालं त्यांचं. हिला सांगितलं, त्यांना नेलकटर आणून दे.

शुक्रवार, १४

झाकणाची मूठ उत्तम. ओढली, हलवली, झाकण मुठीला धरून वर उचललं आणि गरगर फिरवलं. मुठीच्या बरोबर मधोमध एक चकचकीत गोल ठिपका दिसतो, त्यात आडवी चीर आहे. वाळल्यावर हा गोंद अगदी धातूसारखा होतो असं दिसतं.

दुकानात मधल्या मापाचे स्क्रू मोजले, तर एक कमी भरला. मोजण्यात माझीच चूक झाली असणार.

छत्रीची मूठ सुटली. आबा छत्री घेऊन फाटकापर्यंत गेले आणि मूठ तेवढी हातात घेऊन परत आले. आज आभाळ निरभ्र होतं. छत्री कशाला नेली, विचारलं. "ऊन," म्हणाले. सकाळचे सात वाजले होते.

बुधवार, १९

दुसऱ्यांदाही तिपाई सुटली, छत्री सुटली. कप आणि झाकण ठणठणीत.

काल दिवसभर विचार केला आणि मला उलगडा झाला. हा गोंद स्वयंपाकघरात धरतो आणि बाहेर सुटतो! वाफ. ऊब. स्वयंपाकघरात दोन्ही असतात. गोंदाला ऊब मिळाली की तो घट्ट होतो, आणि बाहेरच्या खोलीच्या कोरड्या हवेत लाकूड त्याला झिडकारतं. साधी गोष्ट आहे, पण लक्षात यायला निरीक्षण लागतं.

विक्रेत्याला फोन करून सांगितलं. तो मग म्हणाला, "साहेब, हे आमच्या कंपनीतसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं!" मला वाटलंच.

ही ऐकत होती. मी तिला सगळा सिद्धांत समजावून सांगितला. ती पदर तोंडाला लावून आत गेली. ठसका लागला असावा.

गुरुवार, २०

पाटी रंगवायला घेतली: "कप, किटली, झाकण: खात्रीने चिकटेल. लाकडाला लावू नये." अक्षरं निळी, कडा लाल. आमच्या दुकानात मी लावलेली ही पहिली पाटी असेल.

घड्याळजींना सिद्धांत सांगितला. ते म्हणाले, सासूबाई आल्यात, त्यांच्या आवडत्या किटलीचा कान हलतोय. मी अर्धी बाटली दिली. आबा बाकड्यावरून म्हणाले, "जपून रे, दुसऱ्याचं घर आहे." मी म्हटलं, "आबा, किटली स्वयंपाकघरातच असते." त्यांनी मान खाली घातली. पटलं असावं.

एक गोष्ट मनाला लागली, तीही लिहून ठेवतो. दुपारी एक बाई चष्म्याची दांडी घेऊन आबांकडे आल्या. काम दोन मिनिटांचं. पण तासभर बसल्या, मुलाच्या नोकरीपासून गुडघ्यापर्यंत सगळं झालं. असं रोजच चालतं. दुकानात गर्दी दिसते आणि विकलं काहीच जात नाही. आता घरोघरी गोंद झाला की ही रिकामी गर्दी कमी होईल, हाही एक फायदा. आबांना तसं म्हटलं, "तुम्हालाही आराम." ते चहा तसाच ठेवून घरी गेले.

सोमवार, २४

क्रमाने लिहितो.

आज तिपाईला तिसरी आणि शेवटची संधी द्यायची ठरवलं. नेहमीच्या दुप्पट गोंद लावला, ठेवली आणि दुकानात गेलो. वाटेत आठवलं, लाल रंगाचा ब्रश घरीच राहिला. परत आलो.

बाहेरच्या खोलीत आबा उभे. डाव्या हातात पटाशी, उजव्या हातात तिपाई, पायाला धरून अधांतरी.

"आबा, काय करताय?"

"बसतोय."

"तिपाई हातात धरून?"

आबा म्हणाले, "सोडायची तर मलाही आहे." आणि हात हलवला. तिपाईही हलली. अंगठा आणि दोन बोटं तिच्या पायाला घट्ट चिकटली होती. आधीच्या दोन्ही वेळा त्यांनी गोंद वाळायची वाट बघितली होती. आज घाई केली आणि पितळ उघडं पडलं.

मी कोमट पाणी आणलं, साबण कालवला, पातेलं जमिनीवर ठेवलं. आबा खुर्चीत, मी खाली, मध्ये तिपाई. बोटं ओढायची नाहीत, कातडी निघते. हळूहळू फिरवत सोडवायची. अर्धा तास लागला. आबांचा हात इतका वेळ मी लहानपणीसुद्धा धरला नसेल.

"दोनदा मीच काढली," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "छत्रीही. फार घट्ट धरतो रे हा. पटाशीने घाम काढला माझा."

"पण का, आबा?"

ते मग म्हणाले, "हे घरोघरी गेलं तर माझ्याकडे कोण येणार? चपलेला मोळा मारायला कुणी येत नाही रे. बसायला येतात. तुझी आई गेल्यापासून दिवसभरात माझ्याशी जे काही बोलणं होतं, ते त्या बाकड्यावर होतं. तू आकडेमोड करत असतोस."

मीच त्यांना "तुम्हालाही आराम" म्हटलं होतं. लाज वाटली. मान खाली घालून बोटं चोळत राहिलो.

तेवढ्यात ही भाजी घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं आणि मी उठूनच उभा राहिलो. "अगं, म्हणजे लाकडालाही धरतो! स्वयंपाकघरातही धरतो, बाहेरही धरतो! सगळीकडे धरतो!"

हिचा चेहरा पडला. "अहो," म्हणाली, "जरा बसा."

ती आत गेली आणि बटणांचा डबा घेऊन आली. डब्यात माझा कप होता. टवका उडालेला. कान वेगळा. "पहिल्याच दिवशी, चहा ओतल्या ओतल्या निघाला. मी तसलाच दुसरा आणला."

"आणि झाकण?"

"स्क्रू," आबा आणि ही एकदमच म्हणाले. आबांना ठाऊक होतं! चकचकीत ठिपका त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखला होता. आणि हिला पटाशीचं ठाऊक होतं. दोघं दोन आठवडे एकमेकांची चोरी बघत होते आणि मी मधे भिंग घेऊन फिरत होतो. या घरात खरं बोलला तो एकटा गोंद, आणि त्याचं कुणी ऐकलं नाही.

म्हणजे माझा सिद्धांत बरोबर उलटा. लाकडाला धरतो, गरम भांड्याला सोडतो. तिपाईच्या बाजूला पाटी वाळत ठेवली होती: "किटली: खात्रीने चिकटेल."

किटली!

धावत घड्याळजींकडे गेलो. उशीर झाला होता. काल सासूबाई कुणाला तरी चहा ओतत होत्या, किटली खाली गेली आणि कान हातात राहिला. चहा थोडा निवला होता म्हणून भाजलं नाही, पण साडी गेली, आणि त्याच संतापाने सासूबाई दुपारच्या गाडीने आपल्या घरी गेल्या. मी हात जोडून माफी मागायला लागलो. घड्याळजींनी दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "दुसरी बाटली आहे का हो? पुढच्या महिन्यात परत येणारेत."

गुरुवार, २७

तीन दिवस हिच्याशी मोजकंच बोललो. वाईट वाटलं होतं, लपवत नाही. आबांनी नापास करायचा प्रयत्न केला ते समजतं. पण हिने पास करून दिलं, ते जास्त लागलं. परीक्षेला बसलेल्या पोराच्या वहीत आईने उत्तर लिहावं तसं.

आज भांडी लावताना मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "रंगीत दोऱ्या आणल्या होत्या तेव्हा आठवडाभर जेवला नव्हतात नीट. हूक नाही म्हटलं तेव्हा तेच. मला तो चेहरा पुन्हा बघायचा नव्हता. बस." आणि डोळे पुसून, "पण टवकासुद्धा भरून आला असं तुम्हाला वाटेल, हे मला खरंच वाटलं नव्हतं." मग तिला हसू आवरेना. मग मलाही.

हसून झाल्यावर मी म्हटलं, "एकतीसला काय सांगायचं ते मीच ठरवणार. कुणी काही चिकटवायचं नाही, कुणी काही सोडवायचं नाही."

सोमवार, ३१

विक्रेता बरोबर दहाला आला. तेच बूट. सोबत मोठं चित्र: "काहीही चिकटवा!" खाली वाफाळता कप.

आश्चर्य म्हणजे आबा बाकड्यावरून म्हणाले, "घे रे. माझं काय, मी काय आज आहे उद्या नाही. लोक वापरतील तसं वापरतील." सकाळी निघताना हीसुद्धा म्हणाली होती, "घ्या तुम्ही. हौस आहे ना."

सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा दोघांचा एकदम होकार.

मी विक्रेत्याला म्हटलं, "घेतो. पण हे चित्र नाही लावणार. माझी पाटी लावणार." नवी पाटी काढून दाखवली: "लाकूड, चामडं, रबर: धरतो. गरम भांडं: धरत नाही."

तो हसला. "साहेब, 'नाही' हा शब्द कंपनीला चालत नाही."

"मग आम्हाला हा गोंद चालत नाही."

"विचार करा. कोपऱ्यावरचे आत्ता घेतील. चित्रासकट."

क्षणभर हो म्हणावंसं वाटलं, खोटं कशाला लिहू. डोळ्यांसमोर फळी आली, त्यावर ओळीने लावलेल्या बाटल्या, माझ्या. पण घड्याळजींच्या सासूबाईंची किटलीही आली. प्रत्येकाची सासू काही नको असलेली नसते.

आबांकडे वळून म्हटलं, "महिनाभर घरात वापरला. घरात चालला नाही. नियम तुमचाच आहे." विक्रेत्याला म्हटलं, "नाही."

तो गेला. आबांनी हातोडी खाली ठेवली. मग म्हणाले, "ती दाराची घंटी… अजून आहे का रे कुठे?"

सोमवार, ७ तारीख

कोपऱ्यावर वाफाळत्या कपाचं भलंमोठं चित्र लागलंय. पहिल्या दिवशी रांग होती. मी रंगाच्या डब्यांवरची धूळ पुसत राहिलो. कोपऱ्यावरचा जाता जाता मुद्दाम थांबून म्हणाला, "धंद्यात धाडस लागतं."

घड्याळजींनी एक बाटली गुपचूप आणून दिली. आमच्यापैकी कोण कोपऱ्यावर जाणार? ती आबांच्या बाकड्यावर ठेवली, लाकडाच्या कामाला. आबांनी तिपाई चौथ्यांदा जोडली. यावेळी मनापासून. पहाडासारखी उभी आहे.

शनिवार, १२

पाऊल ठेवायला जागा नाही! कान हातात घेऊन लोक येतायत. कपाचे कान, किटलीचे कान, झाकणाच्या मुठी. सगळे चित्र बघून चिकटवलेले, सगळे गरम चहाने सुटलेले. आणि दोन माणसं अशी, की एकाची बोटं एकमेकांना चिकटलेली, दुसऱ्याचा अंगठा पाकिटाला. आबा म्हणतात, "ओढू नका. कोमट पाणी, साबण. बसा निवांत, अर्धा तास लागतो." ती माणसं बसतात. कुठे जाणार? आबा इतके बोलतायत, की घसा बसलाय. मी बाकड्याशेजारी आणखी एक बाक टाकला आणि आकडेमोड तिथेच बसून करायला लागलो.

दारावर घंटी लावली आहे. सारखी वाजते. आबा एकदाही काही म्हणाले नाहीत.

दुपारी परगावचा एक माणूस आला, बिजागऱ्यांची मोठी मागणी घेऊन. सवयीने सरळ बाकड्याकडे गेला आणि आबांना म्हणाला, "मालक, जरा बोलायचं होतं."

आबांनी चष्मा वर केला, कपाच्या कानाने माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "मालक ते. मी इथे मोडकं बघतो."

घरी आल्यावर हिला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिने माझ्यापुढे चहा ठेवला, माझ्या खऱ्या कपात, टवका उडालेल्या, बिनकानाच्या. बोटं चांगलीच भाजली. पूर्ण प्यायलो.